पुढे केलेला हात

दांड्याला अडखळून एकदा आपटला, तेव्हापासून चंदन घोडा उडी मारायचं नाव घेईना. शिकवणाऱ्या अनुपमाने मग दांडा सरळ जमिनीवर ठेवला, स्वतः पलीकडे उभी राहिली आणि तळहातावर गुळाचा खडा घेऊन हात पुढे केला. बिचकत का होईना, चंदन दांडा ओलांडून आला. पुढे रोज तोच हात, तोच गूळ. दांडा तेवढा थोडाथोडा वर. आज तर पठ्ठ्याने आवाराच्या भिंतीएवढी उडी मारली.

"झकास, मॅडम!" तबेल्यातला लहू ओरडला.

"त्याला आता दांडा दिसतच नाही रे. फक्त माझा हात दिसतो. खोगीर काढ आणि सोड जरा मोकळा."

खुशीतच ती गेटबाहेर पडली. भिंतीला लागूनच मालाडचा हमरस्ता, त्यावर बसेस आणि डंपर सुसाट. तो कसाबसा ओलांडून ती पलीकडच्या फुटपाथवर पोचली आणि येणाऱ्या रिक्षाला थांबवायला तिने हात पुढे केला.

समोरच्या भिंतीवर दोन कान टवकारलेले दिसले.

तिने झटकन हात मागे घेतला. तोवर चंदन भिंतीच्या दिशेने धावत सुटला होता.