आवाजाची नस

छातीला पाडलेल्या चार बारीक छिद्रांतून सर्जनबाईंची हत्यारं आत गेली होती. त्या पडद्याकडे बघून काम करत होत्या. अन्ननलिका सोडवून झाली होती. तिच्या आजूबाजूच्या गाठी एकेक करून निघत होत्या. शेवटची मात्र अगदी वर, मानेच्या तोंडाशी, आवाजाच्या नसेला गोचिडासारखी चिकटून बसली होती.

पेशंट फळबाजारात लिलाव पुकारायचा. कालच बाईंना म्हणाला होता, "आवाज गेला तर घंटा बडवून माल विकीन. पण गाठ एकही ठेवू नका."

बाईंनी कात्री नसेजवळ नेली, तेवढ्यात लॅबमधून फोन आला. तपासायला धाडलेल्या सगळ्या गाठींत कॅन्सर होता. लांबच्यांतसुद्धा.

"मॅडम, ही घ्यायची?" असिस्टंटने विचारलं.

बाई हातमोजे उतरवून बाहेर गेल्या. पेशंटची बायको बाकावरून उठली.

"रोग पुढे गेलाय," बाई म्हणाल्या. "घास उतरेल एवढं करते. पण एक गाठ आवाजाच्या नसेला धरून आहे. काढली तर नस जाईल."

"काढलीत तर वाचतील?"

"नाही."

"मग आवाज तरी राहू द्या," ती म्हणाली. "आणि त्यांना एवढ्यात काही सांगू नका. जीव मुठीत धरून आहेत."

दुसऱ्या दिवशी घशातली नळी निघाली तेव्हा बाई खाटेशी उभ्या होत्या.

"पाणी," तो म्हणाला.

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून जागा झाला. पेशंटने स्वतःही तो आवाज ऐकला.

"ठेवलीत गाठ," तो म्हणाला.

बाईंनी मान डोलावली.

"म्हणजे आणखीही असणार."

"हो."

त्याने डोळे मिटले, उघडले. बोटाने बाईंना जवळ बोलावलं. आवाज होईल तेवढा खाली आणला.

"हिला कळू देऊ नका. फार आस लावून बसलीय."

पण भरल्या बाजारात शेवटच्या गाळ्यापर्यंत पोचणारा गळा तो. त्याला कुजबुज कुठली जमायला. काचेच्या दारापलीकडे बायको आत यायला उभी होती. दाराच्या मुठीवरचा हात तिने हळूच काढून घेतला.