पाच पानं

"टाकीला तडा गेलाय, हे तुझ्या फोटोमुळेच कळलं बघ," सोसायटीचे सेक्रेटरी शिंत्रेकाका कौतुकाने म्हणाले.

टाकीच्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोपटं टिपायला मला आठवडा लागला होता. पाइप, वायरी, डिश अँटेना, एकेक फ्रेमबाहेर काढत गेले. शेवटी उरली करडी भिंत आणि पाच पानं. फोटो मीच हौसेने ग्रुपवर टाकला.

"काका, मी कुंडीत लावते ना."

"मूळ पार आत गेलंय, बाळा."

कामगाराने नारळ फोडला, पिंपळाला हात जोडले, मुळाशी ॲसिड ओतलं आणि रोपटं उपटलं.

"आता काम झाल्याचा एक फोटो काढ," काका मला म्हणाले.

मी त्याच जागेवरून कॅमेरा डोळ्याला लावला. समोर नुसती करडी भिंत. फ्रेमबाहेर काढण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.