न दुखणारा दात

“दुखत नाही म्हणजे बरा आहे, असं नसतं हो बाबा. आ करा!” वडिलांच्या तोंडातला हा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रूनं रोवलेला कृत्रिम दात, मीच बसवला होता, चांगला घट्ट. भोवतीचं हाड शाबूत असेल, तरच तो वाचणार होता. हिरडीच्या फटीत खोली मोजायची खुणांची बारीक सळई घातली, तर खोल आत गेली. आधी रक्त आलं, मग पू. एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती हाड जेमतेम उरलेलं. शेजारचे दात मात्र लख्ख. “याला ब्रश लावता ना?” “छे! तुझ्या हातचं पहिलं काम, घासून झिजवू होय? त्या बाजूनं मी चावतसुद्धा नाही.” “बाबा, दात आहे तो, शोकेसमधली कपबशी नव्हे!” मी हातमोजे भिरकावले. “आता काढावाच लागेल.” त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. “चिडू नकोस. नवा बसव. तोही असाच जपतो की नाही बघ!”