एकचा फोन

चष्मा चढवून दोन मिनिटंही झाली नसतील, तोच मोठ्या सिस्टरांनी चाचपडत शेजारचा हात घट्ट धरला.

हात धाकट्या सिस्टरचा होता. हॉस्पिटलात आज नर्सांचं प्रशिक्षण होतं. तो जाडजूड व्हीआर चष्मा घातला की आपणच मनोरुग्ण होऊन तपासणीच्या रांगेत बसतो. कानात आवाज बडबडत राहतात आणि समोरची नर्स म्हणते, नाटकं आहेत हिची. मोठ्या सिस्टरांचंच हे रोजचं वाक्य. तीस वर्षं वेडेच सांभाळतेय, मला काय दाखवताय, असं म्हणत त्या सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसल्या होत्या.

त्यांच्या जिभेला सगळा वॉर्ड टरकून असे. थट्टा चाले ती एकाच गोष्टीवरून, तीही पाठीमागे. रोज एकच्या ठोक्याला त्या परदेशातल्या मुलाला फोन करून 'जेवलास का' विचारायच्या. तिकडे तेव्हा पहाट, तो बिचारा काय झोपेत जेवतो, असं म्हणून बाकीच्या हसून घेत.

धाकटी हसण्यात नसायची. तिच्या पर्समधल्या व्हिटॅमिनच्या डबीत वेगळ्याच गोळ्या होत्या. चष्म्यातले ते आवाज तिने सहा वर्षांपूर्वी चष्म्याशिवाय ऐकले होते. मोठ्या सिस्टरांना कळलं तर त्या आपल्याला वॉर्डच्या दारातही उभं करणार नाहीत, याची तिला खात्री होती.

चष्मा उतरला. मोठ्या सिस्टर घामाघूम झाल्या होत्या. हात मात्र सोडला नव्हता.

"हे असं डोक्यात असताना माणूस कधी कामावर जाऊ शकेल का हो?" त्यांनी प्रशिक्षकाला विचारलं. तो कागद चाळू लागला.

आत्ता गप्प बसले तर जन्मभर गप्पच बसेन, असं धाकटीला वाटलं.

"जाऊ शकतो," ती म्हणाली. "मी सहा वर्षं गोळ्या घेतेय, सिस्टर. रोज येते की."

धाकटी बोलणी खायच्या तयारीने खाली मान घालून उभी राहिली. बोलणी आलीच नाहीत. मोठ्या सिस्टरांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि फार उपकार झाले गं तुझे, एवढंच त्या पुटपुटल्या. धाकटीला त्या चष्म्याच्या पाया पडावंसं वाटलं.

घड्याळात एक वाजला. मोठ्या सिस्टरांनी फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

"परदेशात नाही तो. चार वर्षं घरातल्या मागच्या खोलीतून बाहेर आलेला नाही. आज तू विचार त्याला, जेवलास का. आणि सांग, मी कामावरून बोलतेय म्हणून."