डाव्या कानाशी

“अजूनबी हाये?” चहाची बशी खाली ठेवत डोमाजीनं विचारलं.

“हाये,” केशरबाई म्हणाली. “आता हळू चालू हाये. मी बसली ना, म्हणून.”

डोमाजी बडनेरा स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता. बायकोच्या कानात आवाज येतो, यावर त्याचा विश्वास होता. तो कोणाचा म्हणून ती सांगे, त्यावर नव्हता.

आवाज श्वासाचा होता. धाप लागलेल्या माणसानं कानाशी तोंड आणावं तसा. सुस्... सुस्... सुस्. केशरबाई नळावरून घागर घेऊन आली, की तो भरभर चाले. ती टेकली, की मंदावे. जणू कोणी तिच्या मागोमाग येत होतं आणि ती थांबली की थांबत होतं.

“बाई हाये ते,” ती म्हणे.

बाई म्हणजे तिची थोरली बहीण, सुंदराबाई. आई लवकर गेली तेव्हा तिनंच केशरबाईला वाढवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तेल्हाऱ्याला सुंदराबाईचा दमा फार वाढला. आडवं पडवत नव्हतं, म्हणून केशरबाईनं तिला छातीशी धरून बसतं ठेवलं. सुंदराबाईचं तोंड बहिणीच्या डाव्या कानाशी होतं. शेवटचा श्वास तिनं तिथंच सोडला.

पावसाळा सरता सरता केशरबाईच्या त्याच कानात आवाज सुरू झाला.

शेजारच्या दुर्गाबाईनं अकोटच्या एका भगताचं नाव सांगितलं. डोमाजीनं ते मनावर घेतलं नाही.

“नागपूरले दीक्षा घेतली तवाच हे समदं सोडलं आपन,” तो बायकोला म्हणाला. “मी तुले डाक्टरकडे नेतो.”

रेल्वेच्या दवाखान्यात कानात घालायला थेंब मिळाले. त्यांनी काही झालं नाही. मग तिथल्या कंपाउंडरनं अमरावतीच्या डॉक्टर रऊफ यांचं नाव सुचवलं. ते मुंबईहून शिकून आले होते आणि रक्ताच्या नळ्यांचे आजार बघत. डोमाजीनं रजा मागितली. ती पुढच्या आठवड्यात मिळणार होती.

त्याआधीच एका दुपारी केशरबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. आवाज चालूच होता. आज तो तिला थकलेला वाटला. भीती वाटण्याऐवजी तिला त्याची कीव आली.

“बाई,” सूप बाजूला ठेवून ती हलकेच म्हणाली, “लय दिवस झाले. किती धापा टाकशील? माझी फिकीर करू नको. जाय आता.”

आवाज आणखी थोडा वेळ आला. मग थांबला.

केशरबाई तशीच बसून राहिली. दूर यार्डात इंजिन डबे ढकलत होतं. कितीतरी महिन्यांनी तिला नुसतं तेवढंच ऐकू आलं. तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी डोमाजी आला तेव्हा ती भिंतीला टेकून झोपली होती. त्यानं उठवलं नाही. पुढचे दिवसही ती खूप झोपली. बोलायची थोडं, तेही सावकाश, शब्द शोधत. जेवायला वाढताना उजव्या हातातली ताटली निसटली, तेव्हा डोमाजी हसला.

“बेफिकीर झाली तू आता.”

दुर्गाबाईलाही ते दिसलं. “चेहरा कसा निवला पाह्य तुया,” ती म्हणाली.

रजेच्या दिवशी केशरबाई म्हणाली, “आता काहून जायचं? बरी झाली मी.”

“रजा भेटली हाये. दाखवून येऊ,” डोमाजी म्हणाला, आणि दोघं अमरावतीच्या मोटारीत बसली.

डॉक्टर रऊफ मध्यम वयाचे, सौम्य बोलण्याचे होते. त्यांनी केशरबाईला उताणं निजवलं आणि छाती तपासायच्या नळीची चकती तळहातावर घासून गरम केली.

“मान सैल सोडा, बाई. दुखणार नाही. सुई नाही, काही नाही. मी सांगेन तेव्हा जरा श्वास रोखायचा. नाहीतर मला तुमचा श्वासच ऐकू येईल, रक्त ऐकू येणार नाही.”

“रक्ताले आवाज असते?” डोमाजीनं विचारलं.

“नीट वाहत असलं तर नसतो. मानेत दोन्ही बाजूंना मोठ्या नळ्या आहेत. मेंदूला रक्त त्यातून जातं. त्यातली एखादी आतून अरुंद झाली, की रक्त घुसताना सुसकारे टाकतं. ज्याची मान, त्याला कधीकधी कानात ऐकू येतं.”

केशरबाईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“म्हंजे... ते बाई नोयती?”

“कोण बाई?”

डोमाजीनं सगळं सांगितलं. सांगताना त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरत होतं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी उजव्या बाजूला नळी लावली, मान डोलावली. मग डाव्या बाजूला लावली. तिथं ते बराच वेळ थांबले. नळी जरा वर सरकवली, जरा खाली घेतली. बाहेर टांगा उभा होता, घोड्याच्या घुंगरांचा आवाज नको म्हणून त्याला पुढं जायला सांगून आले आणि पुन्हा ऐकू लागले.

“माझी बोटं धरा. दोन्ही हातांनी. घट्ट.”

“धरली ना,” केशरबाई म्हणाली.

“उजव्या हातानं पण.”

“धरली.”

डॉक्टरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

“आवाज कधी थांबला म्हणालात?”

“मांगच्या हप्त्यात,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. “मी जाय म्हनलं, अन् गेला.”

“म्हंजे नळी मोकळी झाली तिची,” डोमाजी म्हणाला. “होय ना, डाक्टरसाहेब?”

डॉक्टर रऊफ यांनी कानांतून नळी काढली. स्टूल ओढून ते डोमाजीच्या समोर बसले.

“तो आवाज येत होता,” ते हळूच म्हणाले, “तोवर मानेतल्या त्या नळीतून रक्त जात होतं.”