आरशातला टीव्ही

पार्लरवालीला टीव्ही दिसायचा तो आरशातच, कारण काम करताना तिची पाठ त्याच्याकडे असायची. युद्धाच्या बातम्या लागल्या की ती आधी आवाज बंद करायची, मग चॅनल बदलायची. हाताला सवयच झाली होती.

"घालव गं ते रडगाणं," तोंडाला लेप लावून खुर्चीत पडलेली मावशी डोळे मिटूनच म्हणाली. "कुठल्या कुठे मरतायत, आपल्या जिवाला उगाच घोर."

"घालवलं, मावशी. गाणी लावलीत." लेक शाळेतून यायची वेळ झाली होती. पोरीनं तरी ते का बघावं?

पण आरशात गाणी नव्हती. तिथं बातम्यांतलं ते पडकं घर तसंच होतं. तिनं वळून पाहिलं, तर टीव्हीवर झकास नाच चालला होता. तिनं आरसा फडक्यानं पुसला. घर काही पुसलं गेलं नाही.

विटांच्या ढिगावर एक बाई बसली होती. तिनं मान वर केली आणि रोजची तीच ती मालिका बघावी तसं पार्लरवालीकडे पाहिलं, कंटाळून. मग मांडीवरचा रिमोट उचलून रोखला.

पंखा फिरत राहिला, पण त्याची घरघर थांबली. मावशी बोलत होती, तर तिचे नुसते ओठच हलत होते.

दार ढकलून लेक आत आली. केसांत धूळ, मागे रस्त्यावर धूर. पोर जिवाच्या आकांतानं आईला हाका मारत होती, हे फक्त तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

आरशातल्या बाईनं जांभई दिली आणि रिमोट पुन्हा उचलला.