सर्व्हर अडकलाय, बसा जरा

"सर्व्हर अडकलाय, बसा जरा," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत तक्तेसाहेब ताडकन उठले. त्यांच्यासमोर दोन नवेकोरे सर्व्हर घूं घूं करत चालू होते. अडकलेला एकही नव्हता.

रक्त तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत संगणकांचं सगळं तक्तेसाहेब बघायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. काहीही घ्यायचं म्हटलं की हा माणूस आधी तक्ता आखायला बसे. घरचा पंखा निवडायला त्यांनी दीड महिना लावला. तोवर उन्हाळा संपला. लग्नाआधी माझाही तक्ता केला असेल, असं बायको चिडवायची. केला असता, पण दुसरा रकानाच नव्हता, असं ते अगदी प्रामाणिकपणे सांगायचे.

या वेळी रकाने दोन होते. दोन विक्रेत्यांनी चाचणीसाठी एकेक सर्व्हर आणून ठेवला होता. महागड्याला सगळे थोरला म्हणू लागले, स्वस्ताला धाकटा. दोनशे अहवाल एकदम मागितले तर थोरला सात सेकंदांत द्यायचा, धाकटा नऊ. किंमत मात्र थोरल्याची दुप्पट. शेंबड्या पोरानेही निकाल दिला असता. पण प्रयोगशाळेच्या मालक डॉक्टरबाई तक्रारवहीला कंटाळल्या होत्या. त्यात पानोपानी एकच रड होती, सर्व्हर अडकतो. नवा घेऊनही तो अडकला, तर संगणकांचं काम बाहेरच्या कंपनीला देणार, तुम्ही दुसरीकडे बघा, असं त्यांनी तक्तेसाहेबांना स्पष्ट बजावलं होतं.

आणि तो अडकत होता. धाकट्यावर काम चालवलं तरी, थोरल्यावर चालवलं तरी. तक्तेसाहेबांनी वायर बदलली, प्रिंटर बदलला, शेवटी स्वतःची बसायची जागाही बदलून पाहिली. ताईंनी तीन दिवसांत अकरा वेळा सर्व्हर अडकल्याचं सांगितलं. यंत्रांच्या नोंदीत तसं एकदाही नव्हतं. अकराही अहवाल वेळेत निघाले होते. सगळ्यांवर रक्तात काहीतरी बिघडल्याची लाल खूण होती, एवढंच. लाल खुणेच्या अहवालावर डॉक्टरबाई स्वतः सही करत. तिथे वेळ जात असेल म्हणून तक्तेसाहेबांनी तेही तपासलं. सह्याही वेळच्या वेळी झालेल्या.

चौथ्या दिवशी ते घड्याळ घेऊन काउंटरजवळच्या खांबाआड उभे राहिले. लपले होते, असं त्यांना वाटत होतं. पोट खांबाबाहेर आलं होतं.

एक गृहस्थ आले. एकटेच, हातात हेल्मेट. ताईंनी त्यांचा अहवाल छापला, वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

"सर्व्हर अडकलाय, बसा जरा," त्या म्हणाल्या. "सोबत कोणी आलंय का?"

कोणी आलं नव्हतं. बोलता बोलता ताईंनी काढून घेतलं, की मुलगी जवळच नोकरीला आहे. मग तिला बोलावून घ्या, या सर्व्हरचा काही नेम नाही, असं त्यांनी सुचवलं. पंचवीस मिनिटांनी मुलगी आली. ती बापाशेजारी येऊन उभी राहिली आणि त्याच मिनिटाला सर्व्हर सुटला.

गर्दी ओसरल्यावर तक्तेसाहेब ताईंकडे गेले. चांगलं खडसावायचं म्हणूनच गेले होते, पण तोंडून निघालं ते एवढंच, की ताई, माझी नोकरी जाईल हो.

ताईंनी ड्रॉवर लावून घेतला.

"एका बाईंना असाच लाल अहवाल दिला होता लगेच," त्या म्हणाल्या. "एकट्याच आल्या होत्या. तासभर जिन्यात बसून होत्या. मला काउंटर सोडून जाता येईना."

मग तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. तक्तेसाहेबांना त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट भरून आलं, आणि ते तसेच खोलीत जाऊन बसले.

शुक्रवारी त्यांनी डॉक्टरबाईंपुढे तक्ता ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तक्त्यात खोटं लिहिलं होतं, त्यामुळे कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. वेग, किंमत, वीज, सगळं नेहमीसारखं चोख. शेवटची ओळ होती, 'अधूनमधून अडकतो', आणि पुढे दोन्ही रकान्यांत 'हो'.

"दोन्ही अडकतात? मग यावर उपाय काय?"

"माझ्याकडे नाही, बाई," तक्तेसाहेब म्हणाले. "बाहेरच्या कंपनीला दिलंत तर ते कारण शोधतील आणि अडकायचं बंद होईल. पण देऊ नये, असं मला वाटतं."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि अडकलेल्या अहवालांची यादी मागितली. आता बारा क्रमांक झाले होते. त्यांनी ते एकेक करून संगणकावर उघडले. पहिला लाल, दुसरा लाल, तिसराही लाल, खाली त्यांचीच सही. पाचव्यापाशी त्या थांबल्या. तक्तेसाहेब मनातल्या मनात नोकरीसाठी अर्ज लिहू लागले होते.

"काउंटरवर तेव्हा कोण होतं?"

"ताईच."

"आणि ही माणसं? एकटी आली होती?"

"आली एकटी," तक्तेसाहेब म्हणाले. "जाताना प्रत्येकाबरोबर कोणीतरी होतं."

डॉक्टरबाईंनी बाराही अहवाल बंद केले. तक्ता पुढ्यात ओढला, शेवटच्या ओळीवर काट मारायला पेन टेकवलं आणि न मारताच खाली सही केली.

"धाकटा घ्या," त्या म्हणाल्या. "आणि उरलेल्या पैशांत काउंटरसमोरच्या त्या सुट्या खुर्च्या काढून बाक टाका. दोघं बसतील असा."